कागदावरच्या विहिरी आणि तळघरातली विहीर

आपल्याकडे विहीर कागदावर असते आणि शिवारात नसते. अनुदान उचललेलं, मोजमाप पुस्तिका भरलेली, आणि जागेवर जाऊन बघावं तर बाभळीचं झुडूप. न्यू जर्सीत माझं पोट बरोबर याच्या उलट गोष्टीवर चालतं. इथे विहीर जमिनीत असते आणि कागदावर नसते.

मी भूजल प्रदूषणाचं काम करते. बंद पडलेला पेट्रोल पंप, जुनं ड्रायक्लीनिंगचं दुकान, कुठलासा कारखाना. तिथून जमिनीत काहीतरी झिरपलेलं असतं आणि भूजलासोबत ते हळूहळू शेजाऱ्यांच्या हद्दीत जात असतं. असं प्रदूषण सापडलं की अर्ध्या मैलाच्या परिसरात विहिरी कुठे कुठे आहेत ते शोधा, असा इथला नियम. पुढे त्या भूजलाभोवती नकाशावर एक रेघ ओढली जाते. तिच्या आतल्या भागाला आमच्या बोलण्यात 'सीईए' म्हणतात. इथलं पाणी पिण्याच्या मानकात बसत नाही आणि अमुक वर्षं बसणार नाही, अशी ती जाहीर कबुलीच असते. त्यानंतर दर दोन वर्षांनी प्रमाणपत्र द्यायचं, की सगळं ठीक आहे, या भागात नवी विहीर कुणी पाडलेली नाही. त्यासाठी परवान्यांच्या नोंदी पुन्हा चाळायच्या.

2009 च्या कायद्यानंतर अशा बहुतेक कामांवर सरकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही. परवानाधारक तज्ज्ञ स्वतःच्या सहीने काम पुढे नेतो. म्हणजे 'विहीर नाही' या वाक्याखाली एका माणसाची सही असते. आणि ते वाक्य तयार कोण करतं? ऑफिसात सगळ्यात शेवटी लागलेला पोरगा, शुक्रवारी दुपारी चार वाजता. माझं भांडण आहे ते इथे.

एक गोष्ट आधी मान्य करते. नोंदी उघड्या आहेत. राज्याच्या पर्यावरण विभागाच्या 'डेटामायनर'वर कुणीही घरबसल्या विहिरींचे परवाने शोधू शकतं, चिरीमिरी नाही, खेटे नाहीत. तलाठ्याची वाट बघत चावडीच्या पायरीवर बसलेल्या घरातून मी आले आहे, त्यामुळे मला याचं अजूनही अप्रूप वाटतं. पण उघडी नोंद म्हणजे पुरी नोंद नव्हे.

विहिरीला परवाना लागायला लागला 1947 च्या कायद्यापासून. त्याआधीच्या, हाताने खणलेल्या, दगडी बांधणीच्या विहिरी कुठल्याच यादीत नाहीत. परवाना काढला म्हणजे विहीर पाडलीच असंही नाही. पाडल्यावर बोअरवाल्याने वेगळा अहवाल द्यायचा असतो, आणि बुजवली तर त्याचा आणखी वेगळा. हे तीन कागद एकमेकांना भेटतीलच याची खात्री नाही. परवाना आहे पण अहवाल नाही, अशी नोंद दिसली की नवी पोरं 'पाडली नसावी' म्हणून पुढे जातात. मला तिथेच थांबावंसं वाटतं.

मग जागेचा घोळ. आजच्या विहिरीला सर्वेक्षणाचे अचूक अक्षांश-रेखांश असतात. जुन्या परवान्यांवर जागा लिहिली जायची ती राज्याच्या अ‍ॅटलस नकाशाच्या चौकोनांत. मोठा चौकोन, त्यात लहान, त्यात आणखी लहान. ते आकडे पुढे संगणकात गेले तेव्हा विहीर जाऊन बसली चौकोनाच्या मध्यावर. त्यामुळे एकाच बिंदूवर पाच-सात विहिरी एकमेकींच्या डोक्यावर उभ्या दिसतात, आणि खरी विहीर असते रस्त्यापलीकडच्या मळ्यात. तुम्ही अर्ध्या मैलाचं वर्तुळ काढता आणि ती वर्तुळाच्या जरा बाहेर पडते. संपलं. अहवालात ती नाही.

इथे जमीन ओळखली जाते 'ब्लॉक' आणि 'लॉट' क्रमांकांवर. आपला गट नंबर समजा. एकत्रीकरणात जुने सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा घराघरांत जी भांडणं लागली ती ज्यांनी ऐकली असतील त्यांना पुढचं सांगायला नको. इथेही शेत विकलं, प्लॉट पडले, लॉट बदलले, विहिरीचा परवाना मात्र जुन्याच नंबरावर. गावांची नावंसुद्धा बदलतात. डोव्हर टाउनशिपने 2006 मध्ये मतदान घेऊन टॉम्स रिव्हर हे नाव घेतलं. वेस्ट पॅटरसनचं 2008 मध्ये वुडलँड पार्क झालं. 'वॉशिंग्टन' नावाच्या टाउनशिप तर या एवढ्याशा राज्यात किती, ते मोजायचं मी सोडून दिलंय. शोधाच्या चौकटीत नाव टाकताना ज्याला हा इतिहास माहीत नाही, त्याला यंत्र नम्रपणे सांगतं, नोंद आढळली नाही.

आणि ते लिहिलं जातं कसं? 'परिसरात विहीर आढळली नाही.' अहो, नोंद आढळली नाही! या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक अहवालात मी ही दुरुस्ती करते, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतं की क्लायंट घाबरेल. घाबरू दे. (बॉसला मराठी येत नाही, हे एका परीने बरंच आहे.)

टॉम्स रिव्हरचं नाव घेतलंच आहे तर तेही सांगते. 1971 मध्ये तिथल्या राईश फार्म नावाच्या कोंबड्यांच्या फार्मच्या जागेवर युनियन कार्बाइडच्या रासायनिक कचऱ्याचे पिंप आणून टाकले गेले. हो, भोपाळवालीच कार्बाइड. आसपासच्या लोकांना पाण्याची चव आणि वास बदललेला जाणवला, आणि 1974 मध्ये आरोग्य मंडळाने 148 खासगी विहिरी बंद करायला लावल्या. प्रदूषणाचा पहिला निरोप आणला तो खासगी विहिरींनी, म्हणजे लोकांच्या नाका-जिभेने. म्हणून यादीतली एक विहीर चुकली तर एक ओळ चुकली, असा हिशेब मला मांडताच येत नाही.

किती कमी रसायन पुरतं तेही बघा. ड्रायक्लीनिंगच्या पर्क या द्रावणाचं इथलं भूजलाचं मानक बरीच वर्षं होतं लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम. दहा हजार लिटरच्या पाण्याच्या टँकरमध्ये 10 मिलिग्रॅम. चिमटीतसुद्धा धरता येणार नाही इतकं. पर्क पाण्यापेक्षा जड, ते खाली बसत जातं. मध्ये एखादी जुनी, गंजलेल्या केसिंगची विहीर असेल तर त्याला खालच्या थरात उतरायला आयता जिना मिळतो. ते पाणी कुणी पीत नसलं तरी हा धोका राहतोच.

मागे गावी काकांशी फोनवर बोलताना हे सगळं सांगत होते. ते म्हणाले, "पोरी, यात शोधायचं काय? म्हाताऱ्याला विचारायचं." काकांना आजही पंचक्रोशीतल्या विहिरी तोंडपाठ आहेत. कुठली कुणाच्या आज्याने पाडली, कुठली पाणाड्याने दाखवली आणि कोरडी निघाली, कुठल्या विहिरीवर किती हिस्सेदार. सातबाऱ्यावर त्यातल्या निम्म्या सापडतील. बोअर तर विचारूच नका. रात्री बोअरची गाडी येते, पहाटे निघून जाते, मागे राहतो पांढरा चिखल. महाराष्ट्राचा भूजल कायदा 2009 चा, 2014 पासून लागू. त्यात विहिरींची नोंदणी आहे, बोअर पाडणाऱ्या यंत्रांचीही आहे. पण पुण्याच्या कचऱ्याने उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या विहिरी नासल्या, तिथे उद्या मला कुणी 'बाधित क्षेत्रातल्या सगळ्या विहिरींची यादी द्या' म्हटलं, तर मी संगणक बंद करून आधी पारावर जाईन.

गंमत म्हणजे न्यू जर्सीचा नियमही हेच सांगतो, जरा सभ्य भाषेत. नुसते परवाने बघू नका, नगरपालिकेला विचारा, आरोग्य खात्याला विचारा, नळाचं पाणी कुणाकुणाला जातं ते तपासा, जवळच्या घरांची दारं वाजवा. दार वाजवायचा कंटाळा येतो आपल्याला. मलाही यायचा.

काही वर्षांपूर्वी एका बंद ड्रायक्लीनिंगच्या जागेसाठी माझ्या सहकाऱ्याने शोध घेतला. लांबलचक यादी निघाली, बहुतेक सगळ्या शेजारच्या दुसऱ्या प्रदूषित जागांच्या निरीक्षण विहिरी, म्हणजे नुसते पाण्याचे नमुने घ्यायला पाडलेल्या. पिण्याची एकही नाही. गल्लीत नळ कित्येक दशकांपासून. तरी आम्ही घरोघरी पत्रं टाकली आणि एका शनिवारी मी स्वतः फिरले. चौथ्या की पाचव्या घरी ऐंशीच्या पुढचे एक आजोबा भेटले. विहीर आहे का विचारलं तर म्हणाले, "नाही, आम्हाला नळ आहे." मी वही मिटली. दाराशी टोमॅटोची रोपं होती, चांगली कमरेएवढी. सहज म्हटलं, पाण्याचं बिल बरंच येत असेल. तर म्हणाले, "छे, याला तळघरातलं घालतो."

घर वाढवताना त्यांच्या वडिलांनी अंगणातली विहीर आत घेतली होती. वॉशिंग मशीनच्या मागे, लाकडी झाकणाखाली. वर पंप, पंपाला हिरवा पाइप, पाइप खिडकीतून बाहेर. टोमॅटोंना आणि उन्हाळ्यात नातवंडांच्या रबरी टबाला. ते खोटं बोलले नव्हते. त्यांच्या लेखी विहीर म्हणजे पिण्याची विहीर. तेव्हापासून मी 'विहीर आहे का' असं विचारत नाही, 'झाडांना पाणी कुठलं घालता' असं विचारते.

इथल्या मराठी मंडळींना एक सांगणं. शहराबाहेर, हंटरडन किंवा ससेक्स काउंटीकडे, मोठ्या अंगणाचं घर बघत असाल तर त्याला बहुधा खासगी विहीर असेल. 2002 पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे विक्रीच्या वेळी त्या पाण्याची तपासणी व्हावीच लागते. तो अहवाल नुसता सही करून फायलीत टाकू नका, वाचा. आणि 'एनजे-जिओवेब' या सरकारी नकाशावर घराच्या आसपास सीईएची रेघ आहे का ते बघा, फुकट आहे.

आजोबांच्या विहिरीचं पाणी तपासलं. पर्क निघालं, मानकापेक्षा थोडंच जास्त. त्यांनी पहिला प्रश्न टोमॅटोंचाच विचारला. पुढे परवानाधारक बोअरवाल्याने येऊन ती विहीर सिमेंट भरून बुजवली आणि नियमाप्रमाणे बुजवल्याचा अहवाल सरकारकडे पाठवला. परवाना क्रमांकाच्या रकान्यात त्याने लिहिलं, 'माहीत नाही'. त्या विहिरीची सरकारदरबारी झालेली ही पहिली नोंद. पुढच्या दोन वर्षांनी आम्ही पुन्हा शोध घेतला, तेव्हा यादीत ती होती.