खुलासा : मधुमेहींनी केवळ बीएमआयवर विसंबू नये

‘टाइप दोन मधुमेह असला तरी बीएमआय २५ च्या आत असेल, तर मेटाबॉलिक सिंड्रोमची चिंता नको, कंबर पँटच्या नंबरावरून कळतेच,’ असा संदेश रत्नागिरी-सिंधुदुर्गातील व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, तर मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे सुटलेले पोट, रक्तातील चरबी, रक्तदाब आणि साखर यांतील बिघाड एकत्र येणे. संदेशातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ व इतर संस्थांनी २००९ मध्ये मिळून ठरवलेल्या निकषांत बीएमआय नाहीच. पोटाचा घेर, ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक चरबी), एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल), रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर या पाचांपैकी तीन बाबी बिघडल्या की निदान होते, आणि मधुमेहींची साखरेची बाब आधीच धरलेली असल्याने त्यांना आणखी दोनच पुरतात. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर घेर ही मर्यादा आहे. हातपाय बारीक पण पोट सुटलेले, अशी माणसे आपल्याकडे घरोघरी आहेत. नेमकी तीच या संदेशाने निर्धास्त होतील, याची मला काळजी वाटते.

पँट बहुधा पोटाखाली बसते. टेप मात्र शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर, न आवळता धरावी. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटावर हा खुलासा द्यावा.