‘बदक ते बदकच’ म्हणणाऱ्या दादांना

दादा, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि सकाळी दूध घालून आल्यावर परत वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं, की खाकी कॅम्पबेल या भरपूर अंडी देणाऱ्या बदकाच्या जातीची शुद्ध पिल्लं बेंगळुरूजवळच्या सरकारी संस्थेतून आणावीत, मीही तिथूनच आणली. तुमचं म्हणणं असं, की मी शेतकऱ्याला उगाच बेंगळुरूच्या खर्चात पाडतोय. सोलापूरच्या मंगळवार बाजारात निम्म्या पैशात खाकी बदकं मिळतात आणि अंडी तीही देतात. खाकी कॅम्पबेल इंग्रजांची जात, तिचं आपण कसलं जतन करायचं? मी आणलेली पिल्लं मेली, ते मी एका ओळीत उरकलं. आणि शेवटी, ‘कमिशन किती मिळतं?’

कमिशनचं आधी सांगून टाकतो. शून्य मिळतं. बेंगळुरूजवळच्या हेसरघट्ट्याची ती संस्था केंद्र सरकारची आहे, तिथं कमिशन कोण कुणाला देणार!

पिल्लं मेली हे मात्र खरं आहे, आणि ते मी एका ओळीत उरकायला नको होतं. ४० आणली, त्यातली ११ गेली. प्रवासात एकही नाही. घरी आल्यावर, तिसऱ्या आठवड्यात. आदल्या पावसाळ्यात भरून ठेवलेली शेंगदाणा पेंड मी खाद्यात मिसळत होतो. वरून पेंड चांगली पिवळट दिसायची. अकरावं पिल्लू गेलं त्या दिवशी एक ढेप हातानं फोडली, तर आत हिरवट बुरशीचा पट्टा आणि कुबट वास. त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, सरळ यकृतावर जातं. कोंबडी जेवढं पचवते तेवढ्यात बदकाचं पिल्लू आडवं होतं. एके काळी प्रयोगशाळेत हे विष आहे का ते बघायला बदकाचीच पिल्लं वापरायचे, इतकी ती नाजूक. आपल्या जिल्ह्यात शेंगदाणा पेंड घरोघरी असते, म्हणून मुद्दाम लिहितोय. तेव्हा ती अकरा माझ्या हातानं मेली, जातीला बोल नाही.

आता इंग्रजांची जात. बरोबर आहे. इंग्लंडात ग्लॉस्टरशरमधल्या उले गावच्या अ‍ॅडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी ही तयार केली, १८९८ च्या सुमारास लोकांपुढं आणली. इंडियन रनर जातीची मादी, रुआँ जातीचा नर, पुढं रानबदकाचं रक्त. ‘मग रनर तरी आपली ना?’ असं तुम्ही विचारलंय. नाही ओ. नावात इंडियन आहे, पण ती इंडोनेशियाच्या बेटांवरची. आपली म्हणावीत अशी बदकं आसामात पाती, केरळात कुट्टनाडची चारा आणि चेम्बल्ली. सोलापूर हा बदकांचा जिल्हा नव्हेच. ‘वारसा’ हा शब्द मी त्या लेखाच्या शीर्षकात जरा मिरवायला घातला होता, तो काढून टाकतो. शुद्ध जात नीट राखायची एवढाच माझा मुद्दा आहे, मग ती कुठलीही असो.

आणि खरं भांडण आहे ते बाजारातल्या खाकी बदकांवरून. तुम्हाला वाटतंय मी बाजाराला नावं ठेवतोय. अहो, मी तिथूनच सुरुवात केली होती. सात माद्या आणि तीन नर, पाय बांधून डालग्यात ठेवलेले. माद्या अगदी खाकी, एकसारख्या. नरांची डोकी मात्र चकचकीत हिरवी, आणि मानेला बारीक पांढरं कडं. विकणारा म्हणाला, ‘नर असेच असतात, भारी माल आहे.’ मलाही ते देखणे वाटले. वर्षभरानं हिशेब केला तर मादीमागं शंभर अंडीसुद्धा भरली नाहीत. चांगल्या खाकी कॅम्पबेलकडून नीट सांभाळ असेल तर वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी मिळतात. बाजारातल्या त्या माद्यांचीच अंडी उबवली, तर निम्मी पिल्लं खाकी आणि निम्मी काळपट, अंगावर पिवळे ठिपके, डोळ्यावरून पट्टी.

याचं उत्तर पुढं मिळालं, आणि मूळ लेखात मी तेच नीट मांडलं नव्हतं. पक्ष्यांत नर का मादी हे आईकडून ठरतं, म्हणजे माणसाच्या उलटं. खाकी रंगाचा गुण ज्या गुणसूत्रावर बसलेला असतो ते मादीकडं एकच असतं आणि ते तिला बापाकडून मिळतं. म्हणून खाकी नर कुठल्याही गावठी मादीवर सोडला तरी त्याच्या सगळ्या पोरी खाकी निघतात. पोरगे मात्र रानबदकासारखे हिरव्या डोक्याचे. बाजारात मला जे मिळालं ते नेमकं हेच असणार, एकाच उबवणीतले बहीणभाऊ. त्या नरांकडं खाकी गुण फक्त बापाकडून आलेला, म्हणून त्यांची पिल्लं निम्मीच खाकी. खाकी मादीकडं बघून तिच्या आईबद्दल काहीच कळत नाही.

नराला तो गुण आई आणि बाप दोघांकडून मिळावा लागतो. नर खाकी असेल तर त्याची आई खाकीच होती, दुसरी वाट नाही. म्हणून आधी नर बघा. शुद्ध नराचं डोकं काळपट कांस्य रंगाचं असतं, त्यात हिरवट झाक असते, पण चमकदार हिरवं नाही. मानेला पांढरं कडं नाही. तरीसुद्धा एवढ्यावर भुलू नका. रंगानं अंडी वाढत नाहीत, आणि वर्षातले काही आठवडे नराची पिसं झडून तो मादीसारखाच दिसतो. तेव्हा घेऊ नका. (लहानात नर ओळखायचा तर आवाज ऐका. मादी खणखणीत ओरडते, नराचा घसा बसल्यासारखा घोगरा. मोठ्या नराच्या शेपटीवर वर वळलेली दोन-तीन पिसं असतात.)

सांगोल्याच्या बाजारात खिलार खोंड घेताना तुम्ही काय करता? वळू कुठला विचारता, जमलं तर आई बघायला गावात जाऊन येता. पन्नास प्रश्न विचारल्याशिवाय हात रुमालाखाली जात नाही. बदक स्वस्त, म्हणून त्याला एकही प्रश्न नाही! मी बेंगळुरूला गेलो तो याच प्रश्नांसाठी. तिथं आईबापांचा कळप डोळ्यांनी दिसतो, आणि अंड्यांची नोंद विचारता येते. उद्या मोहोळात कुणी अशी वही ठेवली तर मी मोहोळला जाईन, सायकलवर.

खर्चाचं तुमचं म्हणणं मला पटतं. एका माणसानं ६०० किलोमीटरांच्या वर पिकअप पळवणं परवडत नाही, माझंही डिझेलातच कंबरडं मोडलं. चौघा-पाचजणांनी मिळून आधी नोंदणी करावी आणि एकच गाडी न्यावी. किंवा नुसती उबवणीची अंडी आणावीत. ही जात स्वतः खुडूक बसत नाही म्हणा ना, पण आपली गावठी कोंबडी आठ-नऊ अंड्यांवर आनंदानं बसते. कोंबडीची पिल्लं २१ दिवसांत निघतात, बदकाला २८ लागतात. तेवढा धीर तिला असतो, आपल्यालाच नसतो. पाण्याचं म्हणाल तर तळं लागत नाही. चोच, नाकपुड्या, डोळे बुडतील एवढं खोल भांडं पुरतं. मे महिन्यात सावली आणि ते भांडं दोन्ही सांभाळा, एवढंच.

एका नरामागं पाच-सहा माद्या ठेवा. माझ्यासारखे सातांमागं तीन ठेवलेत तर ते माद्यांच्या माना सोलून काढतात.

तुम्ही बार्शीचे आहात असं प्रतिक्रियेत दिसलं. दिवाळीनंतर माझ्याकडं अंडी जमायला लागतील, त्यातली डझनभर तुम्ही न्या, पैसे नकोत. वही बघा, नर बघा, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या. फक्त त्या अंड्यांतून निघालेला नर पैदाशीला ठेवू नका, तो तुमच्या माद्यांचा सख्खा भाऊच असेल. नर दुसरीकडून आणा, माझ्याकडून नको.