चौकट परत का आली? एका रागावलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

संगणक सुरू केला की 'फाइल सापडली नाही' म्हणणारी चौकट येते, ती कशी घालवायची यावर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया बाकीच्यांनाही कळावी म्हणून आधी इथे देतो: "दादा, एका चौकटीसाठी एवढं पुराण कशाला? क्लीनर मारला की दोन मिनिटांत काम होतं, नाहीतर सरळ फॉरमॅट. आणि तुमच्या लेखाप्रमाणे रनमधली नोंद काढली, तर तीन दिवसांनी भर दुपारी चौकट परत हजर. आधी स्वतः करून बघा, मग लोकांना सांगा."

शेवटच्या वाक्याचा राग नाही. चूक माझीच आहे आणि ती कुठे आहे तेही तुम्हीच लिहिलंय. तीन दिवसांनी, भर दुपारी.

'रन' म्हणजे रजिस्ट्रीतली, विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतली, एक यादी. तिच्यातली नोंद दर वेळी लॉगिन झालं की वाचली जाते. ती शिल्लक असती तर चौकट दुसऱ्याच दिवशी सकाळी आली असती. तीन दिवस शांतता होती, म्हणजे तुम्ही काढलेली नोंद गेली ती गेलीच. दुपारी जी चौकट आली ती दुसऱ्याच कुणीतरी आणली, बहुतेक टास्क शेड्युलरने, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीने. हे मी लेखात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण ज्या संगणकावर फोटो काढत बसलो होतो तिथे एकच नोंद होती आणि ती रनमध्ये सापडली. शितावरून भाताची परीक्षा केली आणि शीत नेमकं शिजलेलं निघालं.

तो संगणक कराडला मावसभावाच्या झेरॉक्सच्या दुकानातला. सुरू केला की 'रनडीएलएल' नावाची चौकट, आत एका फाइलचा लांबलचक पत्ता आणि खाली 'द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड'. दोन वर्षं रोज. कामावर नवा पोरगा आला की त्याला शिकवणीच अशी: आधी शटर, मग यूपीएस, मग ओके. मूळ कारण म्हणजे एक जुना प्रिंटर. तो कधीच भंगारात गेला, त्याचं सॉफ्टवेअर मात्र रीतसर काढलं नाही. सी ड्राइव्ह भरला म्हणून भाच्याने प्रोग्राम फाइल्समध्ये जाऊन आख्खं फोल्डरच शिफ्ट-डिलीट केलं. फाइल गेली, तिला हाक मारणारी ओळ राहिली.

शाळेतली हजेरी आठवा. पोरगा दाखला घेऊन गेलाय, पण हजेरीपटावर नाव तसंच आहे. गुरुजी रोज पुकारतात आणि वर्गातून ओरडा होतो, "आला नाही!" ती चौकट म्हणजे एवढंच. विंडोज बिघडलेलं नसतं. अँटिव्हायरसनेही हेच होतं: तो व्हायरसची फाइल उचलून नेतो, नोंद कधीकधी तशीच सोडतो. मग लोक म्हणतात, व्हायरस काढल्यावर संगणक बिघडला!

यावर सर्वांत वाईट उपाय म्हणजे गायब डीएलएलचं (प्रोग्रामला लागणाऱ्या मदतनीस फाइलचं) नाव गुगलवर टाकून कुठल्यातरी संकेतस्थळावरून ती फाइल उतरवणं. हे म्हणजे गुरुजी नाव घेतात म्हणून रस्त्यावरचं कुठलंही पोर धरून बाकावर बसवणं. तुम्ही हे केलं नाहीत, फार बरं केलंत.

आता हजेरीपट किती आहेत ते बघू, कारण माझ्या लेखात एकच होता. रनच्या नोंदी वापरकर्त्याच्या वेगळ्या आणि सगळ्या मशीनच्या वेगळ्या. ६४ बिट विंडोजमध्ये ३२ बिट प्रोग्रामांसाठी आणखी एक कप्पा असतो. शिवाय स्टार्टअप फोल्डर, सर्व्हिसेस आणि टास्क शेड्युलर. एवढं हाताने धुंडाळायचं नसेल तर आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या नोंदी एका जागी दाखवणारं सिसइंटर्नल्सचं 'ऑटोरन्स' घ्या. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांचं हे जुनं काम. २००६ साली मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली, त्यामुळे आता ते मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर फुकट मिळतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. ज्या नोंदीची फाइल जागेवर नाही ती ओळ पिवळी दिसते आणि पुढे 'फाइल नॉट फाउंड' येतं. पिवळं दिसलं की सगळं झाडून काढू नका, खुद्द विंडोजच्या काही नोंदीही पिवळ्या दिसतात. चौकटीतलं नाव आणि ओळीतलं नाव जुळलं तरच हात लावा. आणि डिलीट नको, फक्त डावीकडची खूण काढा. नोंद बाजूला ठेवली जाते, चुकलं तर परत खूण करता येते.

तुमच्या बाबतीत मात्र त्याआधी टास्क शेड्युलर उघडून 'लास्ट रन टाइम' हा रकाना बघा. चौकट आली ती वेळ ज्या कामापुढे दिसेल ते आपलं गिऱ्हाईक. 'ॲक्शन्स'मध्ये रनडीएलएल३२ (डीएलएल चालवणारा विंडोजचाच प्रोग्राम) आणि पुढे तेच फाइलचं नाव असेल. सगळी उरलेली कामं चौकट दाखवत नाहीत, हेही सांगून ठेवतो. मुळात चालवायची ईएक्सई फाइलच गेली असेल तर काम गुपचूप अपयशी होतं आणि 'लास्ट रन रिझल्ट'मध्ये शेवटी ८००७०००२ हे आकडे दिसतात. अर्थ तोच, फाइल सापडली नाही.

आता क्लीनरबद्दल, म्हणजे रजिस्ट्रीतल्या जुन्या नोंदी झाडणाऱ्या प्रोग्रामबद्दल. तुमचं काम एखाद्या वेळी त्याने होईलही, नाही म्हणत नाही. पण तो शोधतो कुठलीही मेलेली नोंद आणि तुम्हाला हवी असते एकच. मग पडद्यावर लाल अक्षरांत "शेकडो चुका सापडल्या" येतं आणि माणूस घाबरून सगळ्यांना होकार देतो. त्यातल्या बहुतेक नोंदी पडून राहिल्या तरी संगणकाच्या वेगात तसूभर फरक पडत नाही. मायक्रोसॉफ्टने स्वतः एकेकाळी 'रेगक्लीन' काढलं आणि नंतर बंद केलं. आज असल्या साधनांच्या वापराला आमचा पाठिंबा नाही, असंच त्यांचं जाहीर धोरण आहे. आणि २०१७ मध्ये 'सीक्लीनर'च्या ५.३३ या आवृत्तीतूनच घुसखोर प्रोग्राम पसरला होता, तोही कंपनीची खरी डिजिटल सही असलेल्या फाइलमधून. कुंपणानेच शेत खाल्लं.

"स्वतः करून बघा" म्हणालात म्हणून हेही सांगतो, हे मला फारसं कुणाला सांगायला आवडत नाही. पूर्वी सीडी लिहिण्याची सॉफ्टवेअरं काढली की मागे त्यांचे फिल्टर ड्रायव्हर (विंडोज आणि यंत्राच्या मध्ये बसणारे छोटे प्रोग्राम) राहायचे आणि 'माय कॉम्प्युटर'मधून सीडी ड्राइव्हच नाहीसा व्हायचा. रजिस्ट्रीत 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' अशी दोन नावं असतात, ती काढली की ड्राइव्ह परत. हे मी इतक्या वेळा केलं की हात बसला. मग एकदा कीबोर्डच्या एका सॉफ्टवेअरचं शेपूट राहिलं होतं, तिथेही त्याच तोऱ्यात 'अपरफिल्टर्स' उडवलं. पण कीबोर्डच्या त्या जागेत कीबोर्ड चालवणारं विंडोजचं स्वतःचं 'केबीडीक्लास' असतं. मला फक्त परक्याचं नाव पुसायचं होतं, मी ओळच पुसली. रीस्टार्ट केलं, पासवर्डची चौकट समोर आणि एकही बटण चालेना. शेवटी माउसने पडद्यावरचा कीबोर्ड उघडून एकेक अक्षर टिचकत आत शिरलो. तेव्हापासून रजिस्ट्रीत हात घालायच्या आधी त्या कप्प्याची 'एक्सपोर्ट' करून प्रत ठेवतो. क्लीनरही त्या दिवशीच्या माझ्यासारखाच, फक्त त्याला घाम फुटत नाही.

फॉरमॅट मारायला माझी ना नाही. घरचा संगणक असेल, फोटो दुसरीकडे ठेवलेले असतील, तर खुशाल मारा. पण मावसभावाकडे डोंगलवर चालणारं मराठी डीटीपीचं जुनं सॉफ्टवेअर आहे, त्याची सीडी कुठे आहे ते त्यालाच माहीत नाही, आणि पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका त्यातल्याच फॉन्टमध्ये आहेत. तिथे एका ओळीसाठी फॉरमॅट म्हणजे ढेकणासाठी घर जाळणं.

इव्हेंट व्ह्युअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची वही, उघडून लाल-पिवळ्या खुणा मोजत बसणाऱ्यांसाठी एवढंच: 'डिस्ट्रिब्युटेडकॉम'ची १००१६ क्रमांकाची नोंद हा उरलेला कचरा नव्हे. ती दुर्लक्ष करण्याजोगी आहे, असं मायक्रोसॉफ्टच सांगतं.

तर भाऊ, टास्क शेड्युलरमधलं ते काम सापडलं की त्यावर राइट-क्लिक करून 'डिसेबल' करा, लगेच डिलीट करू नका. आठवडाभर वाट बघा. बंद केलेलं काम आपोआप पुन्हा चालू झालं किंवा रनमधली नोंद परत उगवली, तर मात्र गोष्ट वेगळी. मग ते मागे उरलेलं नाही, आत जिवंत असलेलं काहीतरी ती नोंद पुन्हा लिहितंय, आणि आधी विंडोज डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन करावं लागेल. 'ॲक्शन्स'मधली पूर्ण ओळ इथे खाली टाका, फोटोत अर्धी कापली जाते. मूळ लेखात आजच टास्क शेड्युलरचा परिच्छेद घालतोय, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून.