‘अमेरिकेतल्या एमएसमध्ये आता काही राहिलं नाही’: त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सप्टेंबर 2025 पासून पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज थोड्याफार फरकाने फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: ‘एच-1बीला आता एक लाख डॉलर लागतात, ओपीटी बंद होतंय, लॉटरी तर निव्वळ नशीब. अमेरिकेची ॲडमिशन सोडा, जर्मनीला जा. तिथे शिक्षण फुकट आणि नोकरी हमखास.’ प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, म्हणून तो लोकांना पटतो. त्याच्या भरवशावर ॲडमिशन सोडणं चूक आहे. पण मेसेज चुकीचा निघाला म्हणून 40 लाखांच्या कर्जावर निश्चिंत होऊन सही करणं ही त्याहून मोठी चूक आहे.

‘एच-1बीला एक लाख डॉलर लागतात’

एच-1बी म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीचा व्हिसा. त्यावर एक लाख डॉलर लावणारा 19 सप्टेंबर 2025 चा आदेश खरा आहे. तो 21 तारखेपासून लागू झाला; मूळ मुदत 12 महिन्यांची, वाढवता येण्याजोगी. पण महिनाभरात, 20 ऑक्टोबरला, यूएससीआयएस या अमेरिकी इमिग्रेशन खात्याने खुलासा केला. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेतच असलेल्या विद्यार्थ्यासाठी कंपनीने ‘चेंज ऑफ स्टेटस’चा, म्हणजे तिथेच राहून एफ-1 वरून एच-1बीवर जाण्याचा, अर्ज भरला आणि तो तसाच मंजूर झाला, तर ही रक्कम लागत नाही. पुढे त्याच मंजुरीवर तो स्टॅम्पिंगसाठी, म्हणजे पासपोर्टवर व्हिसा घ्यायला, मुंबईला येऊन गेला, तरी लागत नाही.

म्हणजे पुण्याहून थेट एच-1बीवर जाऊ पाहणाऱ्याची वाट अवघड झाली, आणि तिथे शिकलेल्याचं पारडं त्या मानाने जड झालं. मेसेज नेमकं उलट सांगतो.

घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. एच-1बीचे अर्ज 1 एप्रिलपासून भरले जातात आणि मंजूर झालेला एच-1बी 1 ऑक्टोबरला सुरू होतो. अर्जाचा निकाल लागायच्या आत देश सोडला, की स्टेटस बदलण्याची मागणी सोडून दिली असं धरलं जातं. मग व्हिसा बाहेरून घ्यावा लागतो आणि एक लाख डॉलरचा प्रश्न खरोखर समोर उभा राहतो. मे महिन्यात घरी लग्न असेल, तर तिकीट काढण्याआधी कंपनीच्या वकिलाकडून लेखी उत्तर घ्या. एफ-1 चे नियम मोडल्यामुळे स्टेटस बदलायला नकार मिळाला, तरी हीच वेळ येते.

‘ओपीटी बंद होतंय’

ओपीटी म्हणजे पदवीनंतर 12 महिने काम करण्याची मुभा. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषय असेल तर आणखी 24 महिने. हा संसदेचा कायदा नाही, खात्याचा नियम आहे. 2008 मध्ये ही वाढीव मुदत 17 महिन्यांची होती, 2016 मध्ये ती 24 झाली. नियम बदलायचा तर आधी मसुदा, मग हरकती, मग अंतिम नियम, असा क्रम असतो. रातोरात बंद होईल ही भीती म्हणूनच अनाठायी आहे. पण जे नियमाने आलं ते नियमानेच जाऊ शकतं, आणि आज निघणाऱ्या मुलाचा हिशोब पाच वर्षांचा आहे. तेव्हा 36 महिने मिळतील असं धरा, पण केवळ त्यावर घर गहाण टाकू नका.

यापेक्षा जवळचा धोका आय-20 च्या, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदाच्या, पहिल्याच पानावर असतो. अभ्यासक्रमाच्या नावाशेजारी सहा आकडी सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा सरकारी क्रमांक, छापलेला असतो. 11.0701 म्हणजे कॉम्प्युटर सायन्स, हा स्टेम. 52.1301 म्हणजे मॅनेजमेंट सायन्स, हाही स्टेम. 52.0201 म्हणजे बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन, हा नाही. नावात ‘ॲनालिटिक्स’ आहे म्हणून स्टेम असेलच असं समजू नका. दोन विद्यापीठं एकाच नावाच्या अभ्यासक्रमाला वेगवेगळे कोड देतात. डिपॉझिट भरण्याआधी ईमेलने कोड विचारून घ्या.

पहिल्या 12 महिन्यांत नोकरीविना एकूण 90 दिवसच राहता येतं. स्टेमची मुदत मिळाली तर दोन्ही टप्पे मिळून 150. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याआधी 90 दिवसांपासून भरता येतो. तो उशिरा भरला तर काम करण्याच्या परवानगीचं कार्ड उशिरा येतं आणि हातातली ऑफर निसटते. स्टेमच्या टप्प्यात कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कर्मचाऱ्याची कामाची परवानगी तपासणारी सरकारी यंत्रणा) नोंदलेली असावी लागते. छोट्या स्टार्टअपमध्ये रुजू होताना हे विचारायचं राहून जातं.

‘लॉटरी म्हणजे निव्वळ नशीब’

एच-1बीसाठी कंपन्या दर मार्चमध्ये उमेदवारांची नोंदणी करतात; नोंदण्या जागांपेक्षा जास्त, म्हणून लॉटरी. अमेरिकी आर्थिक वर्ष 2024 साठी 7,58,994 पात्र नोंदण्या होत्या आणि 1,88,400 निवडल्या गेल्या. 2026 साठी नोंदण्या 3,43,981 वर उतरल्या आणि निवड 1,20,141 ची झाली. म्हणजे चारात एकावरून तिनात एकावर. पण डिसेंबर 2025 च्या अंतिम नियमाने चिठ्ठ्यांचं वजनच बदललं. पगाराच्या चार पातळ्या धरून सर्वांत वरच्या पातळीच्या उमेदवाराची चिठ्ठी चारदा पडते आणि खालच्या पातळीची एकदाच. नुकताच एमएस झालेला मुलगा बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या पातळीवर असतो. जुन्या आकडेवारीवरून ‘तिनात एक’ असं सांगणारा कन्सल्टंट म्हणूनच चुकतो आहे.

पातळी ठरते ती पदावर आणि शहराच्या परिसरावर. तोच पगार सॅन होजेमध्ये खालच्या पातळीत बसेल आणि ओहायोच्या एखाद्या शहरात वरच्या. ऑफर निवडताना हे बघण्यासारखं आहे. शिवाय मे 2028 मध्ये पदवी घेतलेल्या स्टेमच्या विद्यार्थ्याला ओपीटीवर असताना लॉटरीच्या साधारण तीन संधी (तीन वर्षांचे मार्च) मिळतात, बिगर-स्टेमवाल्याला एकच. सीआयपी कोडचं महत्त्व इथे पुन्हा येतं.

‘जर्मनीत शिक्षण फुकट, नोकरी हमखास’

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही हे खरं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो पडतात आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ एमएससाठी सत्राला 4,000 ते 6,000 घेतं. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी बांधून ठेवलेल्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो आधी दाखवावे लागतात, त्यातून महिन्याला 992 मिळतात. भारतीयांना शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या एपीएसचं प्रमाणपत्रही लागतं. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात. जर्मन येत नसेल तर ते भराभर सरतात. इथून जर्मन भाषेची बी-1 पातळी करून जाणाऱ्याला जर्मनी खरोखर चांगली. अमेरिकेला घाबरून ऐनवेळी वळणाऱ्याला नाही.

‘ॲडमिशन सोडा’

सोडण्याआधी एक वर्ष पुढे ढकलता येते का ते विचारा. बरीच विद्यापीठं परवानगी देतात, मात्र स्कॉलरशिप पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही. व्हिसा नाकारला गेला तर डिपॉझिट परत मिळणार का, हेही लेखी घ्या. 2025 मध्ये 27 मे ते 18 जून या ऐन हंगामात नव्या मुलाखतींचे स्लॉट देणंच थांबलं होतं. एफ-1 व्हिसा अभ्यासक्रमाच्या 365 दिवस आधीही मिळू शकतो, त्यामुळे आय-20 आल्या आठवड्यात 350 डॉलरची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीचं शुल्क) भरून स्लॉटच्या मागे लागा. पासपोर्ट व्हिसासह हातात येईपर्यंत नोकरीचा राजीनामा देऊ नका.

जायचं की नाही याचा निकाल मात्र हप्त्यावर लावा. समजा 40 लाखांचं कर्ज, व्याज 11 टक्के, चार सत्रांत दहा-दहा लाख उचलले. दोन वर्षं शिक्षण आणि नंतर सहा महिने सवलत, या काळात सरळ व्याजाने जवळपास 8 लाख चढतात. 48 लाखांचा दहा वर्षांसाठी हप्ता येतो महिना 66 हजार. त्यात फी डॉलरमध्ये: 25,000 डॉलर 86 च्या भावाने साडेएकवीस लाख होतात, 90 च्या भावाने साडेबावीस.

आता मुलगा तीन वर्षांनी परत आला आणि पुण्यात 12 लाखांचं पॅकेज मिळालं असं धरा. हातात साधारण 85 ते 90 हजार येतील. 66 हजारांचा हप्ता भरून उरलेल्या वीस-पंचवीस हजारांत भाडंसुद्धा भागत नाही, आणि हप्ता चुकला की सहकर्जदार म्हणून वडिलांचा सिबिल स्कोअर पडतो. स्वस्त सरकारी विद्यापीठ, असिस्टंटशिप (विद्यापीठातलं पगारी काम) किंवा घरची बचत यातून कर्ज 20 लाखांवर आणलं, तर हप्ता 33 हजारांवर येतो, आणि तो पुण्यातल्या पगारातूनही फिटतो.