इंडिया गेटवर कोरलेली नावे कोणाची?

‘दिल्लीच्या इंडिया गेटवर 95,300 स्वातंत्र्यसैनिकांची नावे कोरलेली असून त्यांपैकी 61,945 मुस्लिम आहेत’ असा, इतर समाजांचेही आकडे जोडलेला संदेश अनेक वर्षे फिरतो आहे.

त्यातला ‘स्वातंत्र्यसैनिक’ हा शब्दच चुकीचा आहे. एडविन लुट्येन्स यांनी आराखडा केलेल्या या स्मारकाचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी 12 फेब्रुवारी 1931 रोजी केले. त्याच्या बरोबर एक महिना आधी, 12 जानेवारीला, सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली गेली होती. ज्या राजवटीने या चौघांना फासावर चढवले, तिने स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांची नावे राजधानीतल्या कमानीवर कोरली असतील, हे संभवतच नाही. कमानीवरचा इंग्रजी लेखही स्पष्ट आहे: फ्रान्स, मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका, गॅलिपोली अशा रणभूमींवर पडलेल्या भारतीय सैन्यातील मृतांना, तसेच भारतात, वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्या व येथे नावे नोंदलेल्या सैनिकांना ते स्मारक अर्पण केले आहे.

संख्येचे उत्तर याच कोरीव लेखात दडलेले आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात सत्तर हजारांहून अधिक भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले, पण येथे नावे कोरली गेली ती तेरा हजारांहून थोड्या अधिक जणांची, कारण परदेशात पडलेल्यांची नोंद प्रामुख्याने तिकडच्या स्मारकांवर झाली. तीही सर्वत्र न्यायाने झाली नाही. इराकमधील बसरा स्मारकावर ब्रिटिश शिपायाचे नाव आहे, साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या दिलेली आहे. नावांविषयी आस्था असणाऱ्यांनी खरे तर या अन्यायाविषयी बोलायला हवे.

धर्मवार आकडेवारीला इंडिया गेटच्या दगडात आधार नाही, कारण तेथे सैनिकांची नोंद पलटणीनुसार आहे, धर्मानुसार नाही. मुस्लिम समाजाचे स्वातंत्र्यलढ्यातील योगदान निर्विवाद आहे. कुर्बान हुसेन यांचे बलिदान सिद्ध करण्यासाठी रचलेल्या आकड्याची गरज नाही, उलट असा आकडा खोटा ठरला की खऱ्या हुतात्म्यांवरही उगाच संशय घेतला जातो.

हा गोंधळ वाढण्यास अमर जवान ज्योतीही कारणीभूत असावी. 1971 च्या युद्धानंतर, जानेवारी 1972 मध्ये, ती या कमानीखाली उभारली गेली आणि 2022 मध्ये तिची ज्योत राष्ट्रीय युद्ध स्मारकातील ज्योतीत विलीन करण्यात आली. स्वतंत्र भारतासाठी प्राण देणाऱ्या सैनिकांची नावे 2019 मध्ये खुल्या झालेल्या या स्मारकाच्या ग्रॅनाइट भिंतींवर आहेत.