‘गार्ड काढा, हातमोजे घाला’ : ग्राइंडरबद्दलच्या एका फिरत्या सल्ल्याला उत्तर

बेंच ग्राइंडर म्हणजे टेबलावर बसवलेलं, दोन टोकांना फिरती चाकं असलेलं, धातू घासायचं यंत्र. त्याबद्दलचा एक मेसेज सध्या बराच पुढे ढकलला जातोय. त्याचा सारांश असा: जाड हातमोजे आणि चष्मा असला की घाबरायचं कारण नाही. गार्ड (चाकावरचं झाकण) आणि टूल रेस्ट (चाकासमोर वस्तू टेकवायचा आधार) कामाच्या आड येतात, काढून टाका. चाक फुटायचंच असेल तर चालू करताच फुटतं. मिनिटभर नीट फिरलं की निर्धास्त व्हा. चाकाच्या सपाट बाजूवरही खुशाल घासा. धार येत नसेल तर जोर लावा. पॉलिश करायचं तर चाकाच्या जागी बफ, म्हणजे पॉलिशचं कापडी चाक, चढवा, बाकी पद्धत तीच.

लिहिणाऱ्याने यंत्र वापरलेलं आहे हे उघड दिसतं, आणि पंचाईत तिथेच आहे. अर्धवट खरं असलेलं पटकन पटतं.

हातमोज्यांचं आधी बघू. उघडं बोट चाकाला लागलं तर सालटं निघतं आणि हात आपोआप मागे येतो. हातमोजा मात्र चाक आणि रेस्टच्या फटीत सापडला की बोटांसकट आत जातो. १५० मिमीचं चाक मिनिटाला २८५० फेरे घेत असेल तर त्याची कड ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने पळत असते. दचकून हात ओढायला पाव सेकंद लागला असं धरा. तेवढ्यात चाकाचे जवळपास १२ फेरे होतात. वस्तू तापते म्हणून हातमोजे घालायचे असतील तर त्यापेक्षा ती पाण्यात बुडवत राहा, आणि लहान असेल तर लॉकिंग पकडीत धरा. सैल बाही, अंगठी, मोकळे केस यांनाही हाच न्याय.

गार्ड आणि टूल रेस्ट काढण्याचा सल्ला सगळ्यात वाईट. चाक आपल्या बाजूने खाली फिरतं, म्हणजे हातातली वस्तू ते सतत खाली खेचत असतं. ती ओढ रेस्ट झेलतो. रेस्ट नसेल तर ती मनगटाने झेलावी लागते. पण रेस्ट नुसता असून भागत नाही. त्याची आणि चाकाची फट ३ मिमीच्या वर गेली की वस्तूचं टोक आत शिरून अडकतं, मग चाक फुटतं किंवा वस्तू फेकली जाते. गार्डच्या वरच्या सरकत्या पट्टीचं चाकापासूनचं अंतर ६ मिमीच्या आत हवं, म्हणजे फुटलेला तुकडा आपल्या तोंडाकडे न येता गार्डमध्ये अडतो.

बहुतेकांचं चुकतं ते यापुढे. फट एकदा लावली की झालं असं समजतात, पण चाक झिजतं तशी ती रुंद होत जाते. ३ मिमीच्या ड्रिल बिटचा दांडा फटीत घालून बघा. ढिला गेला तर प्लग काढा, रेस्ट पुढे घेऊन आवळा आणि चाक हाताने एक फेरा फिरवून कुठे घासत नाही ना ते पाहा. काम दोन मिनिटांचं आहे.

चाक सुरुवातीलाच फुटतं यात तथ्य आहे. म्हणूनच नवं चाक बसवल्यावर बाजूला उभं राहून, गार्ड जागेवर ठेवून ते मिनिटभर मोकळं फिरवतात. पण पुढे निर्धास्त होण्याजोगं काही नाही. उष्णतेने, अडकलेल्या वस्तूने, थंड चाकावर एकदम दिलेल्या दाबाने तडा नंतरही जातो. बसवण्याआधी कोरडं चाक भोकातून बोटावर लटकवा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कडेपासून दोनेक बोटं आत, उभ्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना तिरकस जागी हलकेच ठोका. मग चाक थोडं वळवून पुन्हा. खणखणीत नाद आला तर ठीक, भद्द आवाज आला तर चाक टाकून द्या. हातातून पडलेल्या चाकाची कीव करू नका.

चाकावर लिहिलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी असेल तर ते बसवूच नका, कारण वेग दुप्पट झाला की चाक फाडणारा ताण चौपट होतो. दोन्ही अंगांना जाड कागदाच्या चकत्या ठेवा आणि नट बेताने आवळा. डाव्या नटाचे आटे उलटे असतात, हे विसरून लोक तो सोडवण्याच्या नादात आवळत बसतात.

सपाट बाजूवर घासण्याबद्दल फार बोलायला नको. साधं सरळ चाक आडव्या दाबासाठी बनवलेलंच नसतं.

जोर लावण्याचं मात्र नीट समजून घ्यावं. चाक कापत नाही तेव्हा त्याचे कण बोथट होऊन चकाकायला लागलेले असतात, किंवा अॅल्युमिनियम, पितळासारख्या मऊ धातूने ते बुजलेलं असतं. अशा वेळी दाब वाढवला की उष्णता वाढते, एवढंच. साध्या पोलादाच्या छिन्नीचं टोक निळं पडलं की तिचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. मग कितीही धार लावा, ती टिकत नाही. उपाय आहे ड्रेसर, म्हणजे चाकाचा वरचा थर खरवडायचं अवजार. तो रेस्टवर टेकवून चाकावर हलक्या हाताने आडवा फिरवला की बोथट थर झडतो, नवे कण उघडे पडतात आणि चाक गोलही होतं. या वेळी धूळ प्रचंड उडते, मास्क लावाच. आणि चष्मा म्हणजे नंबरचा नव्हे: बाजूने बंद असलेला गॉगल, त्यावर चेहऱ्याची ढाल.

आता बफ. टूल रेस्ट काढा हे वाक्य फक्त इथे बरोबर, कारण बफसमोर वस्तू टेकवायला रेस्ट नसतोच. पद्धत मात्र तीच नाही. वस्तू बफच्या मध्याच्या खाली धरायची आणि तिची कड खालच्या दिशेला, फिरण्याच्या ओघात ठेवायची. वरची कड कापडात अडकली तर बफ वस्तू हिसकावून जमिनीवर आपटतो, सुरी असेल तर पायावर. साखळी तर हाताने धरून बफवर नेऊच नये. तिची कडी गुंतली की ती बोटांभोवती आवळते. बफला लावायच्या प्रत्येक पॉलिश वडीला वेगळा बफ ठेवा, नाहीतर भरड वडीचे कण बारीक कामावर ओरखडे पाडतात. अॅल्युमिनियम घासल्यावर त्याची भुकटी साफ केल्याशिवाय त्याच यंत्रावर पोलाद धरू नका: ही बारीक भुकटी पोलादाच्या ठिणगीने पेटते, आणि त्या आगीवर पाणी मारलं तर ती आणखी भडकते.