४५ हजार देऊ का?

परवा जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या एका मुलाने मोबाइल पुढे केला. "ताई, कथासंग्रह काढायचाय. हे प्रकाशक छापायचे ४५ हजार मागतायत. देऊ का?" डबा उघडायच्या आत मी नाही म्हणून मोकळी झाले. त्याचा चेहरा पडला. मग डबा बाजूला ठेवला आणि त्याला माझ्या दिवाणाखालचे गठ्ठे सांगितले.

२०१३ साली मीही असेच पैसे भरले होते, एफडी मोडून. ३०० प्रती डोंबिवलीच्या घरी आल्या आणि दिवाणाखाली गेल्या. सासूबाई केर काढताना अजून विचारतात, "ह्यांचं काय करायचं?" पैसे गेले ते गेले. मला लागलं ते वेगळंच. माझ्या हातून छापखान्यात जाईपर्यंत ते पुस्तक मध्ये कुणी वाचलंच नव्हतं. तिसऱ्या कथेतला नवरा पान ४१ वर सुरेश आहे, पान ४६ वर रमेश. (मलाही दिसलं नाही, ते सोडा.)

तर त्या मुलाचं दरपत्रक. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, २,५०० रुपये लावले होते. अरे, आयएसबीएन आपल्याकडे फुकट मिळतो! केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय एजन्सी देते, लेखक स्वतःही मागू शकतो. कॉपीराइटचे ५,०००. नोंदणी न करताही लिहिलेल्यावर हक्क तुझाच असतो. हौस असेल तर सरकारी फी ५०० रुपये आहे. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात 'सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे'. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षंच धरतात. ते 'कायमस्वरूपी' तिथे उगाच आलेलं नाही. पैसे तू भरायचे आणि हक्कही तूच द्यायचे, हा कुठला व्यवहार?

त्याला प्रभादेवीला जायला सांगितलं. रवींद्र नाट्य मंदिराच्या इमारतीत राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं ऑफिस आहे. १९६० पासूनचं मंडळ, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले अध्यक्ष. पहिलं पुस्तक असलेल्यांसाठी त्यांची नवलेखक अनुदान योजना आहे. हस्तलिखित जाणकारांकडून वाचून घेतात, निवड झाली तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. सरकारी काम आहे, वेळ लागणार. पण कुणीतरी वाचतं हो! माझ्या ३०० प्रतींच्या नशिबी तेवढंही नव्हतं.

शब्दकोशासाठीही पैसे घालवू नयेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतात. मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे. दादर पूर्वेला १८९८ साली स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, साहित्य अकादमीचं मुंबईचं ऑफिस त्याच रस्त्यावर. शेजारून रोज लोकल पकडणाऱ्या किती लिहिणाऱ्यांनी ती पायरी चढलीय, देव जाणे.

पण हे सगळं असूनही एक गोष्ट मिळत नाही, पेन्सिल घेऊन वाचणारा माणूस. गिरगावात खटाववाडीतून 'सत्यकथा' मासिक निघायचं तेव्हा त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा परत पाठवताना ती कुठे फसलीय तेही कळवायचे. लेखक ती पुन्हा लिहायचे. १९८२ ला ते बंद झालं. आता तीन हजार रुपये भरून कार्यशाळा मिळते, वर समोसा आणि प्रमाणपत्र. व्हॉट्सअ‍ॅपवर कथा टाकली की खाली 'निःशब्द' येतं. शब्दांचं काम करणाऱ्याला ही दाद काय कामाची?

आम्ही पाच जण रविवारी दादरला भेटतो. एक नर्स आहे, एकाचा भांडुपला गाळा आहे, एक कॉलेजातली मुलगी आणि एक निवृत्त मुद्रितशोधक काका. नियम एकच. कथा वाचून झाली की ज्याची कथा, त्याने तोंड उघडायचं नाही. मी आई गेल्यावरची कथा नेली होती. वाचताना माझाच आवाज भरून आला. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "पान दोनवर तू दोन कप चहा ओतलास आणि एक परत पातेल्यात टाकलास. आई गेली ते मला तिथंच कळलं. पुढची चार पानं तू कुणासाठी रडतेयस?"

दोन रविवार मी गेले नाही. रागच आला होता. तिसऱ्या आठवड्यात रात्री ती चार पानं काढली, तर कथा उभी राहिली. पुढच्या वर्षी एका दिवाळी अंकात आली, ५०० रुपये मानधन. त्या ४५ हजारांच्या पुढे हे ५०० मला जास्त वाटतात, हिशेबात मी पहिल्यापासून कच्चीच.

त्या मुलाला म्हटलं, रविवारी चारला ये. सगळा संग्रह आणू नकोस, एक कथा आण, पाच प्रती काढून. टाइप युनिकोडमध्ये कर, नाहीतर दिवाळी अंकवाले फाइल उघडणार नाहीत. आणि ओळींमध्ये जागा मोठी ठेव, काकांचं अक्षर मोठं आहे.